तापीचं गढूळ पाणी आणि मोबाइलचा डोळा

आषाढात तापीला पहिला पूर आला की पाणी दुधाळ चहासारखं दिसतं. पूर्णा आणि तापी काळ्या मातीच्या रानांतून गाळ घेऊन येतात, चांगदेवला एकमेकींना मिळतात आणि पुढे हतनूरच्या धरणात तो टाकतात. काठच्या घरांत मग तुरटीचा खडा बाहेर निघतो.

पाणी गढूळ आहे हे डोळ्याला कळतं. किती गढूळ, ते सांगता येत नाही. १८६५ साली आंजेलो सेक्की या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने भूमध्य समुद्रात दोरीने पांढरी तबकडी सोडली आणि ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते मोजलं. इतकी साधी युक्ती, पण आजही वापरात आहे. प्रयोगशाळेतला नेफेलोमीटर पाण्यात प्रकाश सोडतो आणि कणांवर आपटून तो ९० अंशांत किती विखुरला ते मोजतो. गढूळपणाचं एकक एनटीयू (नेफेलोमेट्रिक टर्बिडिटी युनिट). पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा १ एनटीयू आहे, दुसरा स्रोतच नसेल तर ५. एवढी कडक, कारण मातीच्या कणांच्या आडोशाला जंतू क्लोरीनपासून वाचतात.

हेच काम कॅमेऱ्याने होईल का? होतं, आणि घरीही करून पाहता येतं. काचेच्या ग्लासामागे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा कागद लावा आणि समोरून फोटो घ्या. फोटो म्हणजे शेवटी आकड्यांचा तक्ता: प्रत्येक ठिपक्याच्या उजेडाचा एकेक आकडा, जितका उजळ तितका मोठा. समजा, स्वच्छ पाण्यातून पांढरी पट्टी २०० आणि काळी ४० दिसली. आता चिमूटभर शेतातली माती ढवळा. पांढरी १४० वर उतरते, काळी ९० वर चढते. कण प्रकाश इकडेतिकडे फेकतात, म्हणून काळ्यातही उजेड मिसळतो. दोन्हींतला फरक १६० वरून ५० वर आला. गढूळपणा मोजायचा तो या फरकातून.

खरी अडचण मोबाइलच्या हुशारीची आहे. उजेड कमी झाला की तो आपणहून फोटो उजळतो, रंगही सुधारतो, आणि आपल्याला हवा असलेला फरकच पुसून टाकतो. म्हणून एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) लॉक करायचे, दिवा आणि अंतर तेच ठेवायचं. नदीवर तर पाण्यावरची उन्हाची चकाकीही टाळावी लागते. तिथे करड्या रंगाचं कार्ड शेजारी धरून तुलना करतात. एवढं करूनही आकड्याचं एनटीयू आपोआप होत नाही. आधी गढूळता माहीत असलेल्या नमुन्यांचे फोटो घेऊन आलेख काढावा लागतो. माझ्या मते, ही पायरी गाळून केलेल्या मोजमापावर विसंबू नये. शिवाय तो आलेख काळ्या मातीचा असेल तर शेवाळाच्या हिरव्या पाण्याला चालत नाही.

जमल्यास दोन ग्लास घ्या. एकात तुरटी फिरवा, दुसऱ्यात नको, आणि दर दहा मिनिटांनी फोटो काढत राहा. चिकणमातीचे कण ०.००२ मिलिमीटरहूनही बारीक, वर ऋण भारामुळे एकमेकांना दूर लोटणारे. तुरटीतलं धन भाराचं ॲल्युमिनियम त्यांचं भांडण मिटवतं, त्यांचे गोळे बनतात आणि खाली बसतात. त्या ग्लासात पट्ट्या हळूहळू पुन्हा ठळक होतात. दुसऱ्यातल्या सकाळपर्यंत धूसरच असतात.