उताऱ्यातली मराठी: पुण्यातून शाळेच्या पेपरात

‘पावसाअभावी पिके करपल्याने गावकऱ्यांना स्थलांतर करावे लागले.’ खाली प्रश्न: गावकऱ्यांच्या स्थलांतराचे कारण लिहा. चौथी-पाचवीच्या पेपरात शोभेल असा हा नमुना मीच रचलाय. येरवड्याच्या वस्तीतल्या पोराला ‘पाऊस पडला नाही, पिकं करपली, म्हणून लोक गाव सोडून गेले’ असं दिलं तर कारण विचारायचीही गरज पडणार नाही; कदाचित त्याच्याच घरी ते घडलेलं असेल. उलट, काही न कळलेलं मूल ‘पावसाअभावी पिके करपल्याने’ एवढं जसंच्या तसं उतरवतं आणि पूर्ण गुण घेऊन जातं. आकलन नक्की कोणाचं तपासलं?

ही पुस्तकी भाषा घडली ती बऱ्याच अंशी पुण्यातच. मोल्सवर्थच्या 1831 च्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामात असलेले थॉमस कँडी पुढे पुण्याच्या पाठशाळेत आले. मराठीला विरामचिन्हं लावली ती त्यांनी, आणि शाळेची क्रमिक पुस्तकंही कित्येक वर्षं त्यांच्याच नजरेखालून गेली. शास्त्रीपंडितांची मराठी अशी छापील प्रमाण ठरली. 1962 साली साहित्य महामंडळाचे लेखननियम आले. 1967 मध्ये ‘बालभारती’ स्थापन झाली, तीही पुण्यात. शिष्यवृत्तीची परीक्षा घेणारी राज्य परीक्षा परिषदही इथलीच.

मजकूर अवघड की सोपा हे मोजायची इंग्रजीतली धडपड जुनी आहे. 1948 मध्ये रुडॉल्फ फ्लेश यांनी वाक्याची लांबी आणि शब्दांतली अक्षरं यांवरून सूत्र बसवलं. 1953 मध्ये विल्सन टेलर यांनी ठरावीक अंतराने शब्द गाळून रिकाम्या जागा भरायला लावल्या. वाक्याच्या लांबीचा निकष मराठीत चांगलाच फसतो. वरचं पुस्तकी वाक्य सात शब्दांचं, बोलीतलं दहाचं. म्हणजे लहान तेच अवघड! प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे ‘करपल्याने’ या एका शब्दात अख्खं उपवाक्य मावतं.

2005 पासून ‘असर’ या मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीत अक्षरं, शब्द, परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट अशी चढण आली. भाषा साधी, पण तिथे मुख्यतः वाचता येतं का तेच पाहतात. दहावीला पुढे प्रश्नपत्रिकेच्या जागी कृतिपत्रिका आली, उताऱ्याखाली आकृत्या आणि चौकटी आल्या. चौकटीतही उताऱ्यातले शब्द उचलून टाकता येतातच.