पंख्याचा आवाज जातो कुठे?

राममारुती रोडवर रविवारी संध्याकाळची गर्दी. सात-आठ वर्षांचा एक मुलगा दुकानाच्या पायरीवर बसकण मारून, कान घट्ट दाबून ओरडत होता. बघ्यांचं निदान तयार होतं. "लाडावलाय." "दृष्ट काढा हो." एक काकू म्हणाल्या, "शर्टसुद्धा उलटा घातलाय पोराला!" आईने पिशवीतून कानावर बसणारे मोठे हेडफोन काढून त्याला घातले आणि शांतपणे सांगितलं, "ऑटिझम आहे त्याला."

नजरेला नजर न देणं, हाकेला न वळणं, बोट दाखवून 'ते बघ' न करणं, ऐकलेलं वाक्य तसंच्या तसं परत म्हणणं ही ऑटिझमची, म्हणजे स्वमग्नतेची, लक्षणं आता बऱ्याच पालकांना माहीत असतात. आवाज, उजेड, स्पर्श यांचा त्रास मात्र हट्टात जमा होतो. खरं तर बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली अशा ११ मुलांबद्दल लिहिलं, तेव्हाच व्हॅक्यूम क्लीनर, लिफ्ट यांना घाबरणारी मुलं त्यात होती. पण निदानाच्या अमेरिकी नियमावलीत हा स्वतंत्र निकष व्हायला २०१३ उजाडलं.

आता माझा आवडता भाग. तुमच्या डोक्यावर पंखा फिरत असेल, तर त्याचा आवाज मी म्हटल्यावर ऐकू आला. घड्याळाचा पट्टा सकाळी बांधताना जाणवतो, मग दिवसभर नाही. मेंदू तेच ते वजा करत राहतो. मेंदूशास्त्रज्ञ एरिक कँडल यांनी हे सरावणं अ‍ॅप्लिशिया नावाच्या समुद्री गोगलगायीत उलगडलं. तिच्या नळीला हलकेच स्पर्श केला की ती कल्ला, म्हणजे श्वास घ्यायचा अवयव, आत ओढते. पुन्हा पुन्हा करा, ओढणं मंदावतं. स्नायू थकलेला नसतो. स्पर्शाची वर्दी देणारी चेतापेशी पुढच्या पेशीशी असलेल्या फटीत ग्लुटामेट हे निरोप पोचवणारं रसायन दर खेपेला कमी सोडते, म्हणून वर्दीच क्षीण होते. शेपटीला एक झटका द्या, कल्ला पुन्हा जोरात आत! कँडल यांना २००० साली नोबेल मिळालं.

माणसाचा मेंदू गोगलगायीहून फार गुंतागुंतीचा. तरी ऑटिझम असलेल्या आणि आवाज-स्पर्श जड जाणाऱ्या मुलांच्या मेंदूचे स्कॅन काढले, तेव्हा अमिग्डाला हा धोका हेरणारा भाग त्याच त्या आवाजाला इतरांइतका लवकर सरावत नाही असं दिसलं. चेतवणारं ग्लुटामेट आणि आवरणारं गाबा या दोन रसायनांचा तोल वेगळा असावा, असा एक तर्क आहे. थोडक्यात, रिक्षाचा दहावा हॉर्नही अशा मुलाला जवळजवळ पहिल्याइतकाच दचकवू शकतो.

काहींचं उलट असतं. खरचटलेलं कळत नाही, घट्ट मिठी हवी असते, गरगर फिरूनही चक्कर येत नाही. एकाच मुलात दोन्हीही सापडतं. असं मूल अनेकदा हात फडफडवतं, ते थांबवायच्या मागे लागू नये असं मला वाटतं. त्या सगळ्या कल्लोळात पुढे काय होणार हे त्याला आधी ठाऊक असलेली तेवढीच एक गोष्ट.

लसीमुळे ऑटिझम होतो हे व्हॉट्सअ‍ॅपवर अजून फिरतंय. ज्यावरून ही भीती पसरली, तो १९९८ चा शोधनिबंध 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. मूळपेशींनी 'बरं' करून देतो म्हणणाऱ्यांना आधी पुरावा मागा, मग पैशाचं बोला.

हेडफोन लावल्यावर पाचेक मिनिटांत तो मुलगा उठला. शर्ट उलटा होताच, शिवण बाहेर राहावी म्हणून. मानेशी लेबल उसवल्याचे दोन दोरे लोंबत होते.