करडईचं ‘30 टक्के’ तेल नेमकं जातं कुठे?

‘करडईत 30 टक्के तेल असतं, म्हणजे क्विंटलमागे 30 किलो तेल. मग घाणेवाला एवढा भाव कसला लावतो?’ हा हिशोब गावोगावी वर्षानुवर्षं ऐकू येतो. तो चुकीचा आहे, आणि त्यापायी प्रामाणिक घाणेवाल्यांवर लुटीचा आळ येतो, याचं वाईट वाटतं.

30 टक्के तेल बियात असतं, डब्यात नाही. लाकडी घाण्यातून निघालेली ताजी पेंड बोटांत चुरडून बघा, बोटं तेलकट होतात. त्या पेंडीत 10 टक्के तेल राहिलं असं धरा. मग क्विंटलमागे हाती येतं साधारण 22 किलो, म्हणजे 24 लिटर. त्यातूनही गाळ खाली बसल्यावर थोडी घट येतेच. सॉल्व्हंट कारखाना हेक्झेन हे तेल विरघळवणारं रसायन वापरून पेंडीतलं जवळपास सगळं तेल ओढून घेतो, घाण्याला ते जमत नाही.

2025-26 च्या रब्बी विक्री हंगामाचा हमीभाव क्विंटलला 5,940 रुपये होता. त्या भावाने लिटरमागे नुसतं बीच साधारण 247 रुपयांचं झालं! वीज, मजुरी, बाटली वेगळी.

सगळा व्यवहार सावरते ती पेंड. पण करडईचं टरफल जाड, त्यामुळे न सोललेल्या बियांची पेंड चोथट असते आणि शेंगदाणा पेंडीइतका भाव तिला मिळत नाही. शिवाय करडई निघते उन्हाळ्याच्या तोंडाशी, एकदाच. वर्षभर घाणा चालवायचा तर माल तेव्हाच भरून ठेवावा लागतो, आणि त्यात अडकलेल्या पैशाचं व्याजही तेलाच्याच भावात धरावं लागतं.