गाथासप्तशती : शीर्षकाचा अर्थ

गाथासप्तशती (प्राकृत : गाहासत्तसई). सातवाहन वंशातील राजा हाल याच्या नावावर असलेल्या माहाराष्ट्री प्राकृतातील मुक्तकसंग्रहाचे (सुट्या, स्वयंपूर्ण पद्यांच्या संग्रहाचे) रूढ नाव. शब्दार्थ ‘सातशे गाथांचा समूह’. गाथा म्हणजे ३० व २७ मात्रांच्या दोन दलांचा (अर्धांचा) छंद. संस्कृतात तीच आर्या. तुकोबांच्या गाथेतील ‘समग्र अभंगसंग्रह’ हा अर्थ येथे लागू नाही.

हे नाव मूळचे आहे का, याविषयी मतभेद आहेत. सातव्या शतकात बाणभट्टाने हर्षचरिताच्या आरंभी या संग्रहाचा गौरव केला, तो ‘कोश’ म्हणून :

अविनाशिनमग्राम्यमकरोत्सातवाहनः।
विशुद्धजातिभिः कोशं रत्नैरिव सुभाषितैः॥

यात सारा भर श्लेषावर आहे. कोश म्हणजे राजाचा खजिना, तसाच वेचक पद्यांचा संग्रह. जाती रत्नांची असते; स्वभावोक्ती या अलंकारालाही जाती म्हणतात आणि मात्रावृत्तालाही. इतर राजांचे खजिने रिते झाले, हा मात्र ‘अविनाशी’. ‘अग्राम्य’ हे विशेषण तर फारच मार्मिक आहे : शेते, पाणवठे, नांगरधारी हलिक आणि त्यांच्या बायका यांनी भरलेल्या काव्याला बाण गावंढळपणापासून मुक्त ठरवतो. उद्द्योतनसूरीच्या कुवलयमाला या प्राकृत कथाग्रंथात (७७९) कोशाचा आणखी एक अर्थ खुलतो, कमळाच्या गाभ्याचा. भुंग्यांनी लुटले तरी कमळवन रिते होत नाही, तसा कवींनी लुटूनही हालाचा कोश सरला नाही.

संशोधक वा. वि. मिराशी यांनी मूळ नाव ‘गाथाकोश’ असावे असे मांडले. ते अधिक पटते, कारण कोशात भर पडत राहू शकते, सप्तशतीला मात्र मर्यादा असते. जर्मन पंडित आल्ब्रेख्त वेबर यांनी निरनिराळ्या पाठपरंपरांतून (संग्रहाच्या वेगवेगळ्या हस्तलिखित रूपांतून) ९६४ गाथा एकत्र केल्या. त्यांपैकी सर्व परंपरांत समान अशा सुमारे ४३०च. मूळ गाभा इ. स. च्या पहिल्या-दुसऱ्या शतकातील व पुढील भर आठव्या शतकापर्यंतची असावी. काही अभ्यासक मात्र संपूर्ण संकलनच बऱ्याच नंतरचे मानतात.

उलट बाजूने, तिसऱ्या गाथेतच ‘सत्त सताइं’ हे शब्द येतात : कविवत्सल हालाने कोटी गाथांमधून सातशे सालंकार गाथा रचल्या. ही गाथा मूळची की मागाहून जोडलेली, यावर बरेच अवलंबून आहे. कोटी ही संख्या अर्थात मोजून आलेली नाही. अफाट लोककाव्यातून केलेली निवड तिने सुचवली आहे. त्या तुलनेत सातशे हे आटोपशीर, शंभर-शंभर गाथांच्या सात शतकांत मावणारे माप.

पुढे ‘सप्तशती’ हा रचनाप्रकारच झाला : गोवर्धनाचार्याची संस्कृत आर्यासप्तशती (बारावे शतक), हिंदी कवी बिहारीची सतसई (सतरावे शतक). या अनुकरणांनी संख्या उचलली, कोशाची प्रतिमा मात्र मागे राहिली. मराठीतही स. आ. जोगळेकर यांच्या १९५६ च्या संपादनाच्या शीर्षकात ‘गाथासप्तशती’ हेच नाव आहे.