सोसायटीत ईव्ही चार्जर बसवताय? वाढीव भार आणि स्वतंत्र मीटरचा अर्ज असा करा

चार्जर विकत घेण्याआधी विजेचं बिल काढा आणि त्यावरचा 'मंजूर भार' हा आकडा बघा, म्हणजे एका वेळी किती किलोवॅट वीज वापरायची परवानगी तुम्हाला आहे ते कळेल. बहुतेक फ्लॅट्सचा भार दिवे, पंखे, फ्रिज आणि एखाद्या एसीच्या हिशोबाने घेतलेला असतो. इलेक्ट्रिक गाडीसोबत (ईव्ही) येणारा साधा चार्जर 15-16 अँपियरच्या सॉकेटवर चालतो आणि साधारण 3.3 किलोवॅट घेतो. भिंतीवर बसवायचा 7.4 किलोवॅटचा चार्जर एकटाच 32 अँपियर ओढतो.

हा भार कागदावर दाखवणं का महत्त्वाचं, ते आधी सांगतो. गिझर दोन किलोवॅटचा असला तरी वीस मिनिटांत बंद होतो. चार्जर मात्र तीन-चार तास सलग चालतो, तोही बहुतेक सगळे घरी परतल्यावर. तुमच्या सोसायटीला 200 केव्हीएचा (ढोबळमानाने 200 किलोवॅट क्षमतेचा) ट्रान्सफॉर्मर असेल आणि 7.4 किलोवॅटचे दहा चार्जर एकदम लागले, तर 74 किलोवॅट म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त क्षमता गाड्यांनाच लागते. ट्रान्सफॉर्मरला रात्री थंड व्हायची उसंत मिळायची, तीही जाते. वीज कंपनीला हे कळण्याचा सरळ मार्ग म्हणजे तुमचा अर्ज. भार न सांगता चार्जर जोडले, तर मोठा ट्रान्सफॉर्मर कोणी मंजूर करणार नाही, आणि फ्यूज उडाला की अंधार सगळ्या इमारतीत.

अर्ज कोणता करायचा, हे जोडणी कुठून घेणार यावर ठरतं. मीटर रूममधल्या तुमच्याच मीटरवरून पार्किंगपर्यंत केबल नेणार असाल, तर भारवाढीचा अर्ज. चार्जिंगसाठी वेगळं मीटर हवं असेल, तर नवीन जोडणीचा. मागणी केल्यास ईव्ही चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी द्यावी, अशी तरतूद केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत 2024 मध्ये झाली आहे. सामाईक चार्जर हवा असेल, तर अर्ज सोसायटीच्या नावाने जातो आणि सभेचा ठराव जोडावा लागतो.

महावितरणच्या भागात नवीन जोडणीसाठी ए-1 अर्ज लागतो. तो पोर्टलवरूनही भरता येतो. मुंबईत बेस्ट, अदानी किंवा टाटा पॉवर यांचे आपापले फॉर्म आहेत. कागदपत्रं साधारण हीच:

- ओळखपत्र आणि फ्लॅटच्या मालकीचा पुरावा (इंडेक्स-2, मालमत्ता कराची पावती किंवा शेअर सर्टिफिकेट)
- थकबाकी नसलेलं ताजं वीजबिल
- सोसायटीचं ना हरकत पत्र आणि पार्किंग तुमच्या नावावर असल्याचं पत्र
- परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा चाचणी अहवाल

अर्ज सर्वांत जास्त अडतो तो नावावर. बिल अजून बिल्डरच्या किंवा आधीच्या मालकाच्या नावावर असतं आणि इंडेक्स-2 तुमच्या. आधी नावात बदल करून घ्या, मगच भारवाढ मागा. दुसरी अडचण ना हरकत पत्राची. 'हरकत नाही' एवढंच लिहून चालत नाही. केबल कुठल्या डक्टमधून जाणार, मीटर कुठे बसणार, पार्किंग क्रमांक कोणता, हे पत्रात असू द्या. नाहीतर जागेची पाहणी करायला माणूस येतो आणि मीटरची जागाच ठरलेली नसते म्हणून परत जातो.

पाहणीनंतर फर्म कोटेशन, म्हणजे भरायच्या रकमेचं पत्रक मिळतं. त्यात जोडणीचा खर्च आणि सुरक्षा ठेव धरलेली असते. सिंगल फेजवरून थ्री फेजवर जावं लागलं, तर दरमहाचा स्थिर आकारही वाढतो. अर्ज पूर्ण असेल आणि नवं जाळं टाकावं लागणार नसेल, तर नियमानुसार जोडणी महानगरांत 3, इतर नगरपालिका क्षेत्रांत 7 आणि ग्रामीण भागात 15 दिवसांत मिळायला हवी. ट्रान्सफॉर्मर बदलायचा असेल, तर अर्थातच जास्त वेळ लागतो. म्हणून चार-पाच सभासदांनी एकत्र अर्ज करावा, म्हणजे कंपनी एकाच वेळी पुरेशा क्षमतेचा विचार करते.

केबलमध्ये काटकसर करू नका. 6 चौरस मिमीच्या तांब्याच्या केबलमधून 32 अँपियर 40 मीटर नेले, तर सुमारे 9 व्होल्ट वाटेतच जातात. 10 चौरस मिमी घेतली, तर हीच घट साडेपाच व्होल्टच्या आसपास राहते. दर चार्जिंग पॉइंटला स्वतंत्र सर्किट, 30 मिलिअँपियरचं आरसीडी (वीज गळती झाली की पुरवठा तोडणारं उपकरण) आणि नीट अर्थिंग हवं. सॉकेट जमिनीपासून किमान 800 मिमी उंच असावं. तळघरात पाणी शिरतं, हे लक्षात ठेवा. एक्स्टेन्शन बोर्ड लावून गाडी चार्ज करायला सुरक्षा नियमांत मनाईच आहे.

रोजचं 30 किलोमीटर फिरणं असेल, तर साधारण पाच युनिट पुरतात. म्हणजे 3.3 किलोवॅटचा चार्जर दीड-पावणेदोन तासांत काम संपवतो. अशा घरात 7.4 किलोवॅटचा आग्रह धरू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. ज्यांना तो खरंच लागतो त्यांनी टायमर मध्यरात्रीनंतरचा लावावा. चार्जर जास्त असतील, तर सगळ्यांचा मिळून भार मर्यादेत ठेवणारी लोड मॅनेजमेंटची सोय असलेलेच घ्यावेत.

सोसायटीने छतावर सोलर बसवायचं ठरवलं, तर पीएम सूर्यघर योजनेत सामाईक सुविधांसाठी किलोवॅटमागे 18,000 रुपये अनुदान आहे, आणि त्या सुविधांत ईव्ही चार्जिंगही धरलं आहे. कमाल मर्यादा 500 किलोवॅट, घरटी 3 किलोवॅटच्या हिशोबाने. पॅनेल भारतीय बनावटीची आणि विक्रेता नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे.

मीटर बसल्यावर पहिलं बिल नीट वाचा. नवा मंजूर भार चढलाय का, आणि स्वतंत्र मीटर घेतलं असेल तर वीजदराची वर्गवारी ईव्ही चार्जिंगचीच लागली आहे का, हे तपासा. चूक दिसली, तर कोटेशनची पावती जोडून त्याच महिन्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.