शालेय ध्वजवंदन (ठाणे व नवी मुंबई)

शालेय ध्वजवंदन : स्वातंत्र्यदिन (१५ ऑगस्ट), प्रजासत्ताक दिन (२६ जानेवारी) आणि महाराष्ट्र दिन (१ मे) या दिवशी शाळेत होणारे राष्ट्रध्वजाचे सामुदायिक वंदन, आणि त्याला जोडून येणारी प्रभातफेरी, संचलन, समूहगीते, बक्षीस समारंभ व नव्या सुविधांचे उद्घाटन. प्रस्तुत नोंद ठाणे शहर व नवी मुंबईतील माध्यमिक शाळांपुरती आहे.

उगम : प्रभातफेरीच्या उगमाबद्दल दोन मते आढळतात. एका मतानुसार ती काकड आरतीच्या वेळी टाळ-मृदंगासह गावातून निघणाऱ्या दिंडीचे राजकीय रूप होय. दुसरे मत तिचा संबंध सविनय कायदेभंगाशी जोडते. १९३० च्या सुमारास सभा-मिरवणुकांवर बंधने आली, तेव्हा मुंबईत पहाटे गाणी म्हणत फिरणारे स्त्री-पुरुषांचे जथे निघू लागले. ही मते परस्परविरोधी मानण्याचे कारण नाही. चाल आणि सामूहिक गायन दिंडीचे, हेतू चळवळीचा, असे म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते. ठाणे परिसराला ही चळवळ परकी नव्हती. आजच्या नवी मुंबईलगतच्या उरण तालुक्यात चिरनेर येथे २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला. त्याआधी, १९ एप्रिल १९१० रोजी क्रांतिकारक अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली होती. शाळेतील भाषणांत या तिघांची नावे आवर्जून यावीत, इतका हा इतिहास या शहराचा स्वतःचा आहे.

वंदनाच्या शिस्तीचा उगम वेगळा शोधावा लागतो. काही अभ्यासक ती बालवीर (स्काउट) चळवळीपासून (भारतात १९०९) आलेली मानतात, काही डॉ. ना. सु. हर्डीकरांच्या हिंदुस्थानी सेवादल या काँग्रेसच्या स्वयंसेवक दलाकडे बोट दाखवतात. १९२३ च्या नागपूर झेंडा सत्याग्रहात हर्डीकरांच्या हुबळीच्या स्वयंसेवकांनी तुरुंगवास भोगला आणि त्याच वर्षी काकीनाडा येथे सेवादलाची स्थापना झाली. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी झेंडावंदन करण्याची प्रथा याच दलाने रुजवली. पुढे १९४१ पासून राष्ट्र सेवा दलाच्या शाखांमुळे झेंडावंदन महाराष्ट्रातील शाळकरी मुलांच्या परिचयाचे झाले. शाळांतील वंदनाचा क्रम सेवादलाच्या पद्धतीशी अधिक जुळतो. बालवीरांचा प्रभाव गणवेशात व सलामीत विशेष दिसतो.

विधी : सध्याचा विधी २६ जानेवारी २००२ पासून लागू असलेल्या भारतीय ध्वजसंहितेवर आधारलेला आहे. संहितेत शाळांसाठी स्वतंत्र सूचना आहेत. विद्यार्थ्यांनी चौकोनाच्या तीन बाजूंना उभे राहावे, चौथ्या बाजूच्या मध्यावर ध्वजस्तंभ असावा. मुख्याध्यापक, विद्यार्थिप्रमुख व ध्वज फडकवणारी व्यक्ती स्तंभामागे तीन पावलांवर असावी. दहा-दहा विद्यार्थ्यांच्या तुकड्या एकामागे एक कराव्यात आणि दोन रांगांत किमान तीस इंचांचे अंतर ठेवावे. ध्वजाची लांबी व रुंदी ३:२ प्रमाणात असते. तो झपाट्याने चढवायचा आणि सावकाश उतरवायचा असतो. ध्वजाच्या घडीत फुलांच्या पाकळ्या ठेवण्यास संहितेची हरकत नाही. डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने यंत्रावर विणलेल्या व पॉलिएस्टरच्या ध्वजांना मुभा मिळाली. जुलै २०२२ मध्ये ध्वज रात्रीही फडकत ठेवण्याची परवानगी नागरिकांना देण्यात आली.

प्रतिज्ञेबाबत मात्र संहिता व प्रथा यांत फरक दिसतो. संहितेत ध्वज व प्रजासत्ताक यांच्याशी निष्ठेची शपथ दिली आहे. मराठी शाळांत पाठ्यपुस्तकात छापलेली ‘भारत माझा देश आहे’ ही प्रतिज्ञा म्हटली जाते. ती पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ मध्ये मूळ तेलुगूत लिहिली.

राष्ट्रगीतानंतर लेझीम, आरएसपी (रस्ता सुरक्षा दल) पथकाचे संचलन आणि भाषणे होतात. ऑगस्टचा पाऊस ठाण्यात हमखास असतो, त्यामुळे १५ ऑगस्टचा कार्यक्रम आटोपशीर व पुष्कळदा सभागृहात होतो. कवायतीचा खरा सोहळा २६ जानेवारीला. नौपाड्यासारख्या जुन्या ठाण्यात अंगण अपुरे असलेल्या शाळा वर्गवार रांगा इमारतीच्या आवारातच बसवतात. नवी मुंबईत सिडको या शहर नियोजन महामंडळाने (स्थापना १९७०) सेक्टरवार आखणीत शाळांसाठी भूखंड राखल्यामुळे तेथे मोकळी जागा तुलनेने बरी आहे.

अलीकडच्या वर्षांत अमृतमहोत्सवी वर्ष (२०२२) ठळक ठरले. १३ ते १५ ऑगस्ट या काळात ‘हर घर तिरंगा’ उपक्रम झाला आणि १७ ऑगस्टला सकाळी ११ वाजता राज्यभर एकाच वेळी समूह राष्ट्रगीत गाण्यात आले. १९ फेब्रुवारी २०२३ पासून राष्ट्रगीताला ‘जय जय महाराष्ट्र माझा’ या राज्यगीताची जोड मिळाली आहे. २६ नोव्हेंबरचा संविधान दिन २०१५ पासून पाळला जातो. त्या दिवशी उद्देशिकेचे वाचन होते. ध्वजवंदनापेक्षा हा कार्यक्रम साधा असला तरी माध्यमिक वर्गांसाठी तो अधिक बोधक आहे.

सुविधांचे उद्घाटन : नवी प्रयोगशाळा, ग्रंथालय, संगणक कक्ष किंवा पिण्याच्या पाण्याची टाकी राष्ट्रीय सणाच्या दिवशी खुली करण्याचा प्रघात आहे. पालक, माजी विद्यार्थी, देणगीदार व नगरसेवक त्या दिवशी शाळेत एकत्र येतात, हे त्याचे व्यवहारी कारण. कंपनी कायदा, २०१३ मधील कलम १३५ अन्वये ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. ही तरतूद १ एप्रिल २०१४ पासून लागू झाली. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यालगतच्या शाळांना हा निधी जवळचा ठरतो. नीती आयोगाची अटल टिंकरिंग लॅब योजना (२०१६) निवडलेल्या शाळेस २० लाख रुपयांपर्यंत अनुदान देते. सहावी ते बारावीचे विद्यार्थी तेथे त्रिमितीय मुद्रण व यंत्रमानव यांची ओळख करून घेतात. अशा कक्षांचा गाजावाजा होतो. मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह व शुद्ध पाणी यांचा फारसा होत नाही. शिक्षणहक्क कायद्याने (२००९) आठवीपर्यंतच्या प्रत्येक शाळेसाठी या दोन गोष्टी बंधनकारक केल्या आहेत, आणि उपस्थितीवर होणारा त्यांचा परिणाम पाहता त्यांचे स्थान आधीचे मानावे लागते.

बांधकाम व दुरुस्ती बहुधा मे महिन्याच्या सुट्टीत उरकली जाते, कारण जूनच्या मध्यास शाळा भरते व पाऊसही सुरू होतो. परिणामी मोठ्या कामांची उद्घाटने १५ ऑगस्टला, तर दिवाळीच्या सुट्टीत झालेल्या कामांची २६ जानेवारीला होतात. १ मेचे ध्वजवंदन अनेक शाळांत वार्षिक निकालाशी जोडलेले असल्याने त्या दिवशी असे कार्यक्रम क्वचितच ठेवले जातात.