पद्मिनीचं टायमिंग हाताने का लावावं लागतं

इंजिन बांधून होतं, टॅपेट लागतात, ऑइल भरलं जातं, बॅटरी जोडली जाते. तरीही पद्मिनी, म्हणजे जुनी प्रीमियर पद्मिनी मोटार, सुरू होत नाही, कारण ठिणगी नेमकी कधी पडायची हे तिला अजून कुणी सांगितलेलं नसतं. काम काढताना डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्रत्येक प्लगला ठिणगी वाटून देणारा भाग, बाहेर आला तेव्हाच ती गोष्ट इंजिनातून निघून गेली. आजच्या गाडीत हे सगळं क्रँक सेन्सर आणि कॉम्प्युटर आपसात पाहून घेतात. जुन्या गाडीत ते माणसाने ठरवायचं असतं. हे काम माणसाकडेच का राहिलं, हे कळलं की टायमिंग लावताना आपण काय करतोय तेही कळतं.

मूळ अडचण आगीच्या वेगाची आहे. प्लगला ठिणगी पडली की पेट्रोल-हवेचं मिश्रण एका क्षणात भडकत नाही. ज्योत प्लगपासून पसरत जाते आणि त्याला थोडा वेळ लागतो. समजा दोन मिलिसेकंद लागले. आयडलला, म्हणजे मिनिटाला 800 फेऱ्यांवर, तेवढ्या वेळात क्रँक, म्हणजे पिस्टनांनी फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा, साधारण 10 अंश फिरतो. 3000 फेऱ्यांवर तेवढ्याच वेळात 36 अंश. प्रत्यक्षात वेग वाढला की सिलिंडरमधली खळबळ वाढते आणि ज्योतही जरा जलद पसरते, पण तो फरक पुरेसा नसतो. म्हणून पिस्टन वर पोचायच्या आधीच ठिणगी टाकावी लागते, आणि इंजिन जितकं पळेल तितकी आणखी आधी. यालाच अ‍ॅडव्हान्स म्हणतात.

सुरुवातीच्या इंजिनांना हा प्रश्न फारसा पडलाच नव्हता. निकोलाउस ओटोचं 1876 चं चार स्ट्रोकचं इंजिन संथ फिरायचं आणि सरकत्या झडपेतून आत नेलेल्या ज्योतीवर पेटायचं. डाइमलरने तापवलेली नळी वापरली. नळी लालभडक असली की मिश्रण दाबलं जाताना आपोआप पेटायचं, पण कधी पेटायचं यावर चालवणाऱ्याचा ताबा नव्हता. कार्ल बेंझने आपल्या 1886 च्या तीनचाकीत बॅटरी आणि कॉइल लावली, तरी सगळ्या अडचणींत मोठी अडचण इग्निशनचीच, असं त्याचं मत होतं. रॉबर्ट बॉशच्या कारखान्याने 1897 मध्ये दे दियाँ-बुताँच्या तीनचाकीला मॅग्नेटो, म्हणजे चुंबकाच्या जोरावर ठिणगीची वीज बनवणारं यंत्र, बसवला आणि मिनिटाला 1800 फेऱ्यांपर्यंत ठिणगी देणं शक्य झालं. 1902 मध्ये त्याच कारखान्यातल्या गॉटलोब होनोल्डने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीचा स्पार्क प्लग तयार केला. आता इंजिन वेगाने पळू लागलं, आणि ठिणगी किती आधी टाकायची हा प्रश्न खरा झाला.

पहिलं उत्तर ड्रायव्हरच्या हातात होतं. फोर्डच्या मॉडेल टीमध्ये स्टिअरिंगखाली डावीकडे एक लिव्हर असे, फक्त स्पार्कसाठी. सुरू करताना तो रिटार्डवर, म्हणजे ठिणगी उशिरा पडेल असा, ठेवायचा, गाडी पळू लागली की हळूहळू अ‍ॅडव्हान्स करायचा, चढावर इंजिन खडखडलं की पुन्हा थोडा मागे. लिव्हर पुढे राहिला आणि कुणी हँडल मारलं, तर इंजिन उलटं फिरून हँडल हातावर आपटायचं. मनगटं मोडायची ती यामुळेच. म्हणजे त्या काळी गाडी चालवणारा प्रत्येक जण दिवसभर टायमिंग लावत असे, आणि ते कानाने लावत असे.

याच सुमारास अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने कॅडिलॅकसाठी बॅटरी, कॉइल आणि पॉइंट (उघडमीट करणारा विजेचा छोटा स्विच) यांची जी रचना केली, तीच पुढे पद्मिनीपर्यंत आली. पॉइंट मिटलेले असताना कॉइलमध्ये चुंबकत्व साठतं. पॉइंट उघडले की ते कोसळतं आणि त्या धक्क्यातून हजारो व्होल्ट निर्माण होतात. ठिणगी पॉइंट *उघडताना* पडते. टायमिंग लावताना हे एक वाक्य डोक्यात पक्कं असलं की निम्मं काम सोपं होतं. पुढे डिस्ट्रिब्युटरच्या पोटात स्प्रिंगने धरलेली दोन वजनं आली. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि पॉइंट उघडणारा कॅम थोडा पुढे सरकतो. 1930 च्या दशकात इंजिनाच्या हवा ओढण्यावर चालणारा व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सही रुळला आणि स्टिअरिंगखालचा लिव्हर गेला. उरला तो फक्त आरंभबिंदू: आयडलला, ही वजनं मिटलेली असताना, ठिणगी कुठे पडते तो. तेवढं मात्र यंत्राला स्वतःचं स्वतः ठरवता येईना. ते काम ड्रायव्हरकडून मेकॅनिककडे आलं.

पद्मिनीचं इंजिन जन्मलं ते याच बदलाच्या काळात. दांते जाकोसाने फियाटच्या 1937 च्या 508 सी साठी हे 1089 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन आखलं: 68 मिलीमीटरचा बोअर (सिलिंडरचा व्यास), 75 चा स्ट्रोक (पिस्टनची धाव), कॉम्प्रेशन जेमतेम 6:1. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ते आलं 1950 च्या दशकात, आपण जिला ‘डुक्कर फियाट’ म्हणतो तिच्यातून. मग 1964 ची डिलाइट आली, 1974 पासून पद्मिनी हे नाव आलं, आणि तोच बोअर-स्ट्रोक या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत कुर्ल्यात बनत राहिला. साठ वर्षांहून अधिक काळ टिकलेल्या या इंजिनाला मुंबईची टॅक्सी म्हणून जेवढं राबावं लागलं, तेवढं इटलीत क्वचितच राबावं लागलं असेल.

आता प्रत्यक्ष काम. एक नंबरचा प्लग काढायचा, भोकावर अंगठा दाबून धरायचा आणि दुसऱ्याला गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून हळूहळू पुढे ढकलायला सांगायचं. अंगठा आतल्या हवेने उचलला गेला की पिस्टन कॉम्प्रेशनमध्ये वर येतोय. मग क्रँक पुलीवरची खूण टायमिंग कव्हरवरच्या खुणेशी जुळवायची. खूण ओलांडली, तर तेवढीच मागे घेऊन भागत नाही. बरंच मागे जाऊन पुन्हा पुढच्या दिशेने यायचं, नाहीतर चेनमधली ढील टायमिंगमध्ये मिसळते.

अंगठ्याची पायरी मी एकदा गाळली होती. खूण जुळली म्हणून डिस्ट्रिब्युटर बसवून टाकला. सेल मारला आणि कार्बोरेटरमधून असा भडका आला की एअर फिल्टरचं झाकण उडालं. चार स्ट्रोकमध्ये पिस्टन दोनदा वर येतो, एकदा कॉम्प्रेशनला आणि एकदा एक्झॉस्टला, आणि पुलीवरची खूण दोन्ही वेळा जुळते. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे माझा रोटर, म्हणजे त्यातला ठिणगी वाटणारा फिरता हात, अर्धा फेरा चुकला होता. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, 1-3-4-2. एक नंबरला पडायची ठिणगी चार नंबरला जात होती. आता मी व्हॉल्व्ह दाबणारे रॉकरही बघतो. चार नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी हलत असतील, एक मिटतोय आणि दुसरा उघडतोय, तर एक नंबर नक्की कॉम्प्रेशनला आहे.

मग पॉइंटची गॅप. ती फिलर गेजने आधी लावायची, कारण गॅप बदलली की टायमिंगही बदलतं. उलट क्रमाने केलेलं काम वाया जातं. त्यानंतर कॉइलच्या पॉइंटकडच्या टोकाला आणि बॉडीला टेस्ट लॅम्प जोडायचा, चावी ऑन करायची आणि क्लॅम्प ढिला करून डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवायचा. दिवा पेटतो त्या क्षणी पॉइंट उघडले. रोटरच्या उलट दिशेने फिरवलं की अ‍ॅडव्हान्स, त्याच दिशेने फिरवलं की रिटार्ड. इथला एक अंश म्हणजे क्रँकवरचे दोन, म्हणून हात हलका लागतो.

गाडीच्या पुस्तकात दिलेला टायमिंगचा आकडा किती पाळायचा, हा खरा वादाचा प्रश्न. माझ्या मते तो आकडा इंजिनाबरोबरच त्या काळच्या पेट्रोलचाही असतो. 1921 मध्ये थॉमस मिजलीने पेट्रोलमध्ये शिसं घालून नॉकिंग, म्हणजे मिश्रण अवेळी भडकून होणारी खडखड, थोपवण्याचा उपाय शोधला, 1920 च्या दशकातच ऑक्टेनचं, म्हणजे पेट्रोल नॉकिंगला किती तोंड देतं याचं, माप ठरलं, आणि पुढची इंजिनं त्या मापावर आखली गेली. आपल्याकडे पंपावर 87 आणि 93 ऑक्टेनचं पेट्रोल मिळायचं, 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसं बंद झालं, आणि आता त्यात 20 टक्के इथेनॉल आहे. ल्युकसच्या जुन्या डिस्ट्रिब्युटरवर ‘ए’ आणि ‘आर’ अशा अक्षरांची, बोटांनी फिरवायची एक छोटी नट असे. ती याचसाठी होती, जसं पेट्रोल मिळेल तसं टायमिंग चिमूटभर हलवायला. मुंबईच्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या तेव्हाही हेच झालं. तो गॅस सावकाश जळतो आणि त्याचा ऑक्टेन खूप वरचा, म्हणून त्याला पेट्रोलपेक्षा जास्त अ‍ॅडव्हान्स लागतो. पेट्रोलच्या टायमिंगवर गॅस चालवला तर ताकद कमी पडते आणि इंजिन नाहक तापतं.

शिवाय बांधलेलं इंजिन हे कारखान्यातून आलेलं इंजिन राहत नाही. हेड वाकलं म्हणून घासून सपाट (फेस) केलं की कॉम्प्रेशन चढतं, सिलिंडर मोठे (रीबोअर) केले की आणखी थोडं. वजनांच्या स्प्रिंगा चाळीस वर्षांत ढिल्या पडलेल्या असतात, त्यामुळे अ‍ॅडव्हान्स लवकर येतो. अशा इंजिनाला जुना आकडा आयडलला सोसतो आणि चढावर महागात पडतो. पिस्टनला भोक पडायचं असेल तर ते आधी आवाजातूनच कळत असतं, आणि तो आवाज उघड्या खिडकीतून ऐकावा लागतो.

म्हणून टायमिंग लाइटने, म्हणजे ठिणगीबरोबर लुकलुकणाऱ्या दिव्याने, खूण तपासून झाली तरी मी क्लॅम्पचा बोल्ट शेवटचा कसत नाही. गाडी गरम करून खंबाटकीच्या चढाला लावतो, तिसऱ्या गिअरमध्ये, एकदम पाय देऊन. डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज क्षणभर येऊन विरला तर ठीक. तो टिकला, तर कडेला घेऊन डिस्ट्रिब्युटर केसभर मागे आणि पुन्हा चढाला. मग बोल्ट कसायचा आणि डिस्ट्रिब्युटरच्या मानेवर पांढऱ्या रंगाची रेघ ओढून ठेवायची.